पर्पेतुआ : एका विरळ नावाची ओळख

मिस्सेतील रोमन कॅनन या प्राचीन प्रार्थनेत संत फेलिसिटीच्या जोडीने संत पर्पेतुआचे नाव येते. तरीही आपण मुलींना हे नाव क्वचितच देतो. या लॅटिन नावाचा अर्थ 'अखंड टिकणारी' असा आहे.

विबिया पर्पेतुआ ही उत्तर आफ्रिकेतील कार्थेज येथील सुमारे २२ वर्षांची कुलीन स्त्री. तिचे मूल अंगावर पिणारे होते. अटकेनंतर तिचा स्नानसंस्कार झाला. श्रद्धा सोडण्याची पित्याने गळ घातली, तेव्हा तिने जवळचे भांडे दाखविले. या भांड्याला जसे दुसरे नाव देता येत नाही, तसेच मलाही ख्रिस्ती याखेरीज काही म्हणवून घेता येत नाही, असे ती म्हणाली. हा प्रसंग तिने तुरुंगात लिहिलेल्या आत्मकथनात आहे. इ. स. २०३ मध्ये ती दासी फेलिसिटीसह रक्तसाक्षी झाली. दोघींचा सण ७ मार्चला असतो.

इटलीत मान्झोनीच्या कादंबरीतील एका पात्रामुळे 'पर्पेतुआ' हा शब्द धर्मगुरूंचे घर सांभाळणाऱ्या स्त्रीसाठी रूढ झाला. नायजेरियात मात्र फुटबॉलपटू पर्पेतुआ न्क्वोचा यांनी हे नाव मैदानावर गाजविले.

नाव निवडताना आपण उच्चारातील गोडवा पाहतो. त्यामागची साक्षही पाहिली, तर हे नाव आपल्याला जड वाटणार नाही.