ताप, लू आणि ईपी३

आजचा विषय नावावरून रुक्ष वाटेल: पीटीजीईआर३ नावाचं एक जनुक. पण आम्हा जबलपूरकरांना दरवर्षी दोन गोष्टी गांजतात, मे महिन्यातली लू आणि पावसाळ्यातला थंडीताप. दोन्हींत अंग भाजतं, म्हणून घरोघरी दोन्हींवर एकच गोळी दिली जाते, पॅरासिटामॉल. एकीत ती काम करते, दुसरीत नाही. असं का, याचं उत्तर या जनुकापाशी सापडतं.

आधी प्रोस्टाग्लँडिन म्हणजे काय ते पाहू. हे नाव मुळात चुकीचंच पडलं. १९३५ च्या सुमारास स्वीडनच्या उल्फ फॉन ऑयलर यांना हा पदार्थ वीर्यात सापडला, तो प्रोस्टेट ग्रंथीत बनत असावा असं वाटलं आणि नाव चिकटलं. प्रत्यक्षात तो शरीरात जवळजवळ सगळीकडे बनतो. त्याचा ई२ हा प्रकार ताप आणतो. पण नुसता पदार्थ असून भागत नाही, त्याचा निरोप घेणारं कुणीतरी पेशीवर हवं. ते काम रिसेप्टर करतात. ई२ साठी असे चार रिसेप्टर आहेत, ईपी१ ते ईपी४. आपल्या पहिल्या क्रमांकाच्या गुणसूत्रावरचं पीटीजीईआर३ हे जनुक म्हणजे ईपी३ बनवण्याची कृती.

चौघांपैकी ताप कोण आणतो? जपानमध्ये शू नारुमिया यांच्या गटाने एकेक रिसेप्टर नसलेले उंदीर तयार केले आणि त्यांना ताप आणणारे पदार्थ टोचले. १९९८ साली निकाल छापून आला: ईपी३ नसलेल्या उंदरांना ताप आलाच नाही, बाकीच्यांना आला. पुढे २००७ मध्ये मेंदूतली नेमकी जागाही हाती लागली. हायपोथॅलॅमसच्या पुढच्या टोकाशी एक इवलासा भाग आहे, तिथला ईपी३ काढला की ताप जवळजवळ नाहीसा होतो.

तिथल्या चेतापेशी एरवी शरीराच्या उष्णता निर्मितीवर ब्रेक दाबून बसलेल्या असतात. ई२ येऊन ईपी३ ला चिकटला की या पेशी मंदावतात, म्हणजे ब्रेक सुटतो. त्वचेतल्या रक्तवाहिन्या आवळतात, स्नायू थरथरू लागतात. मेंदूने आता ३७ ऐवजी, समजा, ३९ अंश हे लक्ष्य धरलेलं असतं आणि त्या हिशेबाने ३७ वरचं शरीर त्याला गार वाटतं. म्हणून अंग तापत असताना माणूस दोन गोधड्या मागतो. 'थंडी वाजून ताप आला' हे आपलं घरगुती वाक्य शास्त्राच्या दृष्टीने अगदी काटेकोर आहे. ताप उतरताना लक्ष्य पुन्हा खाली येतं आणि दरदरून घाम फुटतो.

पॅरासिटामॉल ई२ बनणंच कमी करतं. निरोपच नाही, तर ईपी३ गप्प. पण रक्तातला मलेरियाचा परजीवी या गोळीने मरत नाही, हे विसरू नका. जबलपूरला लागून असलेल्या मंडला जिल्ह्यात २०१७ मध्ये मलेरिया निर्मूलनाचा प्रकल्प सुरू झाला. आमच्या इथली राष्ट्रीय जनजाती आरोग्य संशोधन संस्था त्यात होती. त्यांची रीत साधी: ताप शोधा, त्याची तपासणी करा, रुग्णावर उपचार करा, मग त्याचा पाठपुरावा करा. गोळीने ताप उतरला म्हणून रक्ततपासणी टाळणं, ही रीत दुसऱ्याच पायरीवर मोडणं आहे.

एक आडवाटेची गोष्ट. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवायला मिसोप्रोस्टॉल देतात. ते प्रोस्टाग्लँडिनचंच भावंड. ते गर्भाशय आवळतं, आणि पुष्कळदा बाळंतिणीला हुडहुडी भरून तापही येतो. घरचे घाबरतात. ईपी३ गर्भाशयातही आहे आणि मेंदूतही, हे कळलं की त्यात नवल उरत नाही. अर्थात अशा वेळी जंतुसंसर्ग नाही ना, हे डॉक्टरांनीच ठरवायचं.

आता लू. इथे पारा ४२-४३ च्या पुढे जातो तेव्हा उन्हात राबणाऱ्याचं शरीर उष्णता बाहेर टाकू शकत नाही. मेंदूचं लक्ष्य ३७ वरच असतं, ब्रेक पूर्ण दाबलेला असतो, तरी गाडी उतारावर सुटलेली. शरीराचं तापमान ४० च्या वर जातं. ही चढलेली उष्णता ईपी३ ने आणलेली नाही, त्यामुळे पॅरासिटामॉल तिच्यावर चालत नाही. उलट उष्माघातात यकृताला आधीच इजा होत असते, त्यात या औषधाची भर कशाला?

तिथे उपाय एकच, बाहेरून गार करणं. सावलीत हलवा, कपडे सैल करा, अंगावर भरपूर पाणी ओता, पंख्याने वारा घाला, बर्फ असेल तर काखेत आणि जांघेत ठेवा. असंबद्ध बोलणं, झटके, शुद्ध हरपणं यांपैकी काहीही दिसलं तर १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत पाणी ओतणं थांबवू नका. असा गोंधळ मेंदूवर गेलेल्या मलेरियातही होतो, म्हणून निदान घरी करत बसू नये. खिशातल्या कांद्याबद्दल मी कुणाशी भांडत नाही, आणि कैरीचं पन्हं तर उत्तमच. पण ते पूर्ण शुद्धीवर असलेल्या माणसासाठी. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काहीही घालू नका.