विश्लेषण : इन्सुलिनचा डोस बदलल्यावर घाम, थरथर का? रोवणीच्या दिवसांत काय काळजी घ्यावी?

इन्सुलिनचा डोस वाढवला, साखर उतरली. पण चार दिवसांनी हात थरथरले, अंगाला घाम फुटला. ‘औषध मानवत नाही’ म्हणून काही रुग्ण इथेच इंजेक्शन बंद करतात. प्रत्यक्षात अनेकदा दोष औषधाचा नसतो; डोस, जेवण आणि अंगमेहनत यांचे गणित चुकलेले असते.

आंधळगावात हे गणित का बदलते?

भंडारा जिल्ह्यातील मोहाडी तालुक्यातले आंधळगाव कोशाच्या कापडासाठी ओळखले जाते. भोवतालचा परिसर मात्र धानाचा. मागावर बसून होणारे काम आणि बांधीत दिवसभर वाकून होणारी रोवणी यांत शरीर सारखी साखर वापरत नाही. उन्हाळ्यात ठरलेला डोस जुलैत रोवणीला जाणाऱ्याला जास्त ठरू शकतो. मेहनतीनंतर स्नायू रात्रीही साखर ओढत राहतात. त्यामुळे दिवसा बरे वाटूनही पहाटे साखर घसरू शकते.

साखर घसरली हे कसे ओळखावे?

रक्तातील साखर ७० मिलीग्रॅमच्या खाली गेली की त्याला ‘हायपो’ म्हणतात. थरथर, घाम, धडधड, एकदम भूक, चिडचिड, गोंधळ ही त्याची लक्षणे. उन्हात राबताना घाम येतोच, म्हणून हे लक्षण शेतात हमखास दुर्लक्षित होते.

लगेच काय करावे?

तीन चहाचे चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यातून घ्यावी. १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. साखर कमीच असेल तर तेवढीच मात्रा परत घ्यावी. बरे वाटले की थोडे खावे. दूध किंवा चॉकलेटवर विसंबू नये. त्यातील चरबीमुळे साखर उशिरा चढते. रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, कुशीवर वळवून १०८ क्रमांकावर फोन करावा.

इतर त्रास कोणते?

सुरुवातीला नजर धूसर होणे, पायांवर थोडी सूज येणे हे त्रास बहुधा काही आठवड्यांत ओसरतात. आधी लघवीवाटे वाया जाणारी साखर शरीरात राहू लागल्याने वजनही वाढते. सूज वाढली किंवा दम लागला, तर मात्र वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे.

एकाच जागी सतत टोचल्यास गाठ तयार होते आणि तिथून इन्सुलिन कधी कमी, कधी जास्त शोषले जाते. दर वेळी बोटभर अंतर सोडून टोचावे. गाठीची जागा सोडून चांगल्या जागी टोचू लागल्यावर तोच डोस जास्त ठरू शकतो, म्हणून ते डॉक्टरांना आधी सांगावे. रोवणीच्या दिवशी मांडीऐवजी पोटावर टोचणे बरे. राबणाऱ्या पायातून इन्सुलिन लवकर शोषले जाते.

सिरिंजची चूक किती महागात पडते?

भारतात ४० युनिटची कुपी सर्रास मिळते, तिची सिरिंज लाल टोपणाची. १०० युनिटसाठी नारिंगी टोपण. १०० युनिटचे इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजने घेतले, तर डोस अडीचपट होतो. कुपी बदलली की दोन्हींवरचा आकडा जुळवून पाहावा.

इतिहास काय सांगतो?

११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटोत १४ वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन दिले, तेव्हा टोचल्या जागी गळू झाले. उपचार सोडला नाही. अर्क अधिक शुद्ध केला आणि २३ जानेवारीपासून पुन्हा दिला. या वेळी साखर उतरली.

डॉक्टरांना काय दाखवावे?

साखरेचा आकडा, डोस, जेवणाची वेळ आणि त्या दिवशीचे काम, अशा चार नोंदी वहीत ठेवाव्यात. रोवणी सुरू होण्याआधीच ‘उद्यापासून बांधीत जाणार’ हे सांगितले, तर डोस वेळीच कमी करता येतो. इन्सुलिन मनाने बंद करू नये. टाइप १ रुग्णांच्या जिवावर ते बेतू शकते. शेतात जाताना शिदोरीसोबत साखरेची पुडी ठेवावी आणि ती कुठे आहे, हे सोबतच्या माणसालाही सांगून ठेवावे.