‘तुमचं ७३ टक्के जुळतं’: अध्यक्षपदाच्या उमेदवारांची तुलना करणाऱ्या वेबसाइट हा आकडा काढतात कसा?

अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक जवळ आली की तिथल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका प्रकारचे स्क्रीनशॉट हमखास फिरतात. कुणाचं एका उमेदवाराशी ७३ टक्के जुळलेलं असतं, कुणाचं दुसऱ्याशी ६१ टक्के. मग ‘अरे, तू त्यांचा कधीपासून?’ अशी चेष्टा सुरू होते. पण ज्यांनी तिथलं नागरिकत्व घेतलंय आणि ज्यांना खरंच मत द्यायचंय, त्यांच्यासाठी हा आकडा चेष्टेपुरता राहत नाही. २०२० मध्ये ॲरिझोनात ३३ लाखांहून जास्त मतं पडली आणि निकाल लागला फक्त १०,४५७ मतांच्या फरकाने. जॉर्जियात तो फरक ११,७७९ होता. अशा राज्यात राहणाऱ्याने एखाद्या क्विझच्या आकड्यावर मत ठरवायचं असेल, तर तो आकडा कसा तयार होतो हे माहीत असायला हवं.

तेच आज समजून घेऊ. गणित आठवीच्या पलीकडचं नाही.

ही भानगड आली कुठून?

अशा साधनांना ‘मतदान सल्ला ॲप’ म्हणता येईल. सुरुवात नेदरलँड्समध्ये झाली. १९८९ मध्ये ‘स्टेमवायझर’ आलं, तेही छापील पुस्तिका आणि फ्लॉपीच्या रूपात. जर्मनीत २००२ पासून ‘वाल-ओ-मॅट’ आहे, ते तिथली सरकारी नागरिक-शिक्षण संस्था चालवते. स्वित्झर्लंडमध्ये ‘स्मार्टवोट’ आहे. अमेरिकेत अध्यक्षीय निवडणुकीसाठी सगळ्यात जास्त दिसतं ते २०१२ मध्ये सुरू झालेलं ‘आय साइड विथ’.

सगळ्यांचा सांगाडा एकच. तुम्हाला काही विधानं किंवा प्रश्न दाखवतात, तुम्ही सहमत, असहमत किंवा मधलं काहीतरी निवडता. उमेदवारांची उत्तरं डेटाबेसमध्ये आधीच असतात. दोन्ही याद्या शेजारी ठेवून त्यांच्यातलं अंतर मोजायचं आणि त्याची टक्केवारी करायची. ओटीटीवर ‘तुम्हाला हे आवडेल’ म्हणून सिनेमा सुचवतात, त्याच्या जवळचंच हे काम.

एकच उत्तरं, तीन फॉर्म्युले, तीन निकाल

आता खरी गंमत. मी एक छोटं उदाहरण स्प्रेडशीटमध्ये मांडून बघितलं. तुम्हीही कागदावर करू शकता.

सहा प्रश्न धरा. सहमत म्हणजे +१, तटस्थ म्हणजे ०, असहमत म्हणजे –१. मतदार सहाही प्रश्नांना ‘सहमत’ म्हणतो. उमेदवार ‘क’ तीन प्रश्नांवर पूर्ण सहमत आणि तीन प्रश्नांवर पूर्ण विरोधात. उमेदवार ‘ख’ सहाही प्रश्नांवर तटस्थ, म्हणजे कुठेच काही ठाम बोलत नाही.

पहिली पद्धत: उत्तर तंतोतंत जुळलं तरच गुण. ‘क’ला ६ पैकी ३, म्हणजे ५० टक्के. ‘ख’ला शून्य. ‘क’ जिंकला.

दुसरी पद्धत: जुळलं तर २ गुण, एका पायरीचा फरक असेल तर १, पूर्ण विरुद्ध असेल तर ०. वाल-ओ-मॅटची पद्धत हीच आहे. ‘क’ला १२ पैकी ६, ‘ख’लाही १२ पैकी ६. बरोबरी, ५०-५०.

तिसरी पद्धत: नकाशावर दोन गावांमधलं सरळ रेषेतलं अंतर मोजतो तसं. प्रत्येक प्रश्नातल्या फरकाचा वर्ग करायचा, बेरीज करायची, वर्गमूळ काढायचं. स्मार्टवोटचं गणित याच कुळातलं. इथे ‘क’चं अंतर १२ चं वर्गमूळ येतं, ‘ख’चं ६ चं, आणि जास्तीत जास्त शक्य अंतर २४ चं वर्गमूळ. टक्केवारी काढली तर ‘क’ २९ टक्के, ‘ख’ ५० टक्के. ‘ख’ जिंकला.

मतदाराने एकही उत्तर बदललेलं नाही, उमेदवारांनीही नाही. बदलला तो फक्त फॉर्म्युला. या तिन्ही पद्धतींत कोडचा बग एकाही ठिकाणी नाही. मोठ्या मतभेदाला किती दंड द्यायचा आणि गप्प बसणाऱ्याला किती गुण द्यायचे, या प्रश्नांची ही तीन वेगवेगळी उत्तरं आहेत. फरकाचा वर्ग केला की मोठा मतभेद जास्त महाग पडतो आणि कुंपणावर बसणारा उमेदवार फायद्यात राहतो. आकडा गणिती दिसतो, पण हा निर्णय कुणीतरी माणसाने घेतलेला असतो.

वेटेज: इथे चावी तुमच्या हातात

बहुतेक साधनं ‘हा मुद्दा तुमच्यासाठी किती महत्त्वाचा?’ असं विचारतात. वाल-ओ-मॅटमध्ये एखादं विधान दुप्पट मोजायला सांगता येतं. ‘आय साइड विथ’वर महत्त्व कमी-जास्त करायची सोय आहे.

वरचंच उदाहरण दुसऱ्या पद्धतीने घ्या. ‘क’शी जुळणारे तीन प्रश्न दुप्पट केले तर ‘क’ला १८ पैकी १२, म्हणजे ६७ टक्के. न जुळणारे तीन दुप्पट केले तर १८ पैकी ६, म्हणजे ३३ टक्के. ‘ख’ मात्र दोन्ही वेळा ५० टक्क्यांवरच. म्हणजे वेटेजचं बटण न दाबता पुढे गेलात, तर गर्भपाताचा कायदा आणि टिपवरचा कर यांचं तुमच्या आयुष्यातलं वजन सारखंच आहे असं मशीन धरून चालतं.

प्रश्न कोणते विचारले, यातच अर्धा निकाल

२०२४ चं उदाहरण घेऊ. टिपवर आयकर नको, असं डोनाल्ड ट्रम्प यांनी जूनमध्ये जाहीर केलं आणि कमला हॅरिस यांनीही ऑगस्टमध्ये तेच सांगितलं. हा प्रश्न यादीत टाकला तर दोघांचाही स्कोअर सारखाच वाढतो किंवा कमी होतो. निवड करायला त्याचा उपयोग शून्य.

याउलट कंपन्यांवरचा कर बघा. तेव्हा दर २१ टक्के होता. हॅरिस यांना तो २८ टक्के करायचा होता, ट्रम्प यांना अमेरिकेत उत्पादन करणाऱ्या कंपन्यांसाठी १५ टक्के. इथे फरक स्पष्ट आहे. यादीत पहिल्या प्रकारचे प्रश्न जास्त असले की दोघं एकमेकांच्या जवळ दिसतात, दुसऱ्या प्रकारचे असले की लांब.

आणि तुमचा प्रश्न यादीत नसेल तर? ज्यांचे नातेवाईक वर्षानुवर्षं ग्रीन कार्डच्या रांगेत आहेत, त्यांच्यासाठी सगळ्यात मोठा मुद्दा आहे एका देशाला नोकरीच्या कोट्यातून साधारण ७ टक्क्यांपेक्षा जास्त ग्रीन कार्ड न देण्याची मर्यादा. पण इमिग्रेशनवरचे प्रश्न बहुतेक वेळा सीमा आणि हद्दपारी यांभोवती असतात. तुमचा मुद्दा विचारलाच नाही, तरी स्क्रीनवर टक्केवारी तितक्याच आत्मविश्वासाने झळकते.

किती उमेदवार दाखवायचे हाही निर्णयच. २०१९ मध्ये युरोपीय संसदेच्या निवडणुकीआधी वाल-ओ-मॅटमध्ये एका वेळी आठच पक्षांशी तुलना करता येत होती. ‘व्होल्ट’ नावाचा छोटा पक्ष कोर्टात गेला आणि कोलोनच्या प्रशासकीय न्यायालयाने त्या स्वरूपातलं साधनच थांबवलं. नंतर तडजोड झाली आणि ते परत सुरू झालं. म्हणजे एका स्क्रीनच्या डिझाइनवरून देशभर चालणारं साधन बंद पडलं होतं.

उमेदवाराचं उत्तर कुणी भरलं, आणि कधी?

जर्मनीत विधानं थेट पक्षांकडे पाठवतात, उत्तर आणि त्यामागचं कारण पक्षच देतात. अमेरिकेत हे अवघड जातं. तिथे ‘व्होट स्मार्ट’ संस्था उमेदवारांना प्रश्नावली पाठवते, पण अनेक मोठे उमेदवार ती भरतच नाहीत. मग भाषणं, मुलाखती, प्रचाराची वेबसाइट आणि जुनी मतदानं बघून दुसरं कुणीतरी उत्तर भरतं. त्यात अंदाज आलाच.

शिवाय भूमिका बदलतात. हॅरिस २०१९ मध्ये फ्रॅकिंगवर बंदी हवी म्हणाल्या होत्या, २०२४ मध्ये बंदी घालणार नाही म्हणाल्या. ट्रम्प यांनी ऑगस्ट २०२० मध्ये टिकटॉकविरुद्ध आदेश काढला होता, २०२४ मध्ये बंदीला विरोध केला आणि स्वतःचं टिकटॉक खातंही उघडलं. डेटाबेसमध्ये कुठल्या वर्षाचं उत्तर आहे, त्यावर तुमचं ‘जुळणं’ ठरतं. म्हणून एखाद्या भूमिकेशेजारी तारीख आणि मूळ वाक्याची लिंक नसेल, तर मी तो रकाना रिकामा धरतो.

भूमिका आहे, पण अधिकार आहे का?

हा मुद्दा एकाही टक्केवारीत येत नाही. कर बदलायचा तर काँग्रेसला कायदा करावा लागतो. ‘टिपवर कर नाही’ याचंच बघा. जुलै २०२५ मध्ये कायदा झाला तेव्हा प्रत्यक्षात आली ती वर्षाला २५,००० डॉलरपर्यंतच्या टिपवर आयकरातली वजावट, तीही २०२५ ते २०२८ पुरती. सोशल सिक्युरिटीचा कर त्या टिपवर चालूच राहिला. ग्रीन कार्डची देशनिहाय मर्यादाही कायद्यात आहे, अध्यक्षांच्या एका सहीने ती उठत नाही.

आयातशुल्काचं वेगळं. १९६२ च्या एका कायद्याने राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणावरून ते वाढवायचा अधिकार अध्यक्षांना दिलाय. त्याखालीच २०१८ मध्ये पोलादावर २५ टक्के आणि ॲल्युमिनियमवर १० टक्के शुल्क लागलं. म्हणून दोन मुद्दे तुम्हाला सारखेच महत्त्वाचे वाटत असले, तरी अध्यक्ष जे स्वतः करू शकतात त्याला जास्त वजन देणं शहाणपणाचं.

मग चॅटबॉटलाच विचारलं तर?

तो तर याहून धूसर प्रकार. क्विझमध्ये निदान प्रश्न दिसतात. चॅटबॉट कुठल्या मजकुरावरून बोलतोय आणि काय वगळतोय ते कळत नाही. गुगलने २०२४ मध्ये जेमिनीला निवडणुकीबद्दलच्या प्रश्नांची उत्तरं द्यायलाच मनाई केली होती, भारतातही. ऑक्टोबर २०२५ मध्ये नेदरलँड्सच्या डेटा संरक्षण प्राधिकरणाने चॅटबॉट तपासले, तेव्हा मतदाराचं प्रोफाइल काहीही असो, निम्म्याहून जास्त वेळा त्याच दोन पक्षांपैकी एकाचं नाव पहिलं येत होतं. लांबलचक जाहीरनाम्यातलं एखादं कलम शोधून घ्यायला चॅटबॉट चालेल. ‘मी कुणाला मत देऊ?’ हे त्याला विचारू नका.

तुमची उत्तरं कुणाकडे जातात?

चाळीस प्रश्नांची उत्तरं म्हणजे तुमची अख्खी राजकीय कुंडली. युरोपात राजकीय मतं ही कायद्याने विशेष संरक्षित माहिती आहे. अमेरिकेत त्या तोडीचा देशव्यापी कायदा नाही. केंब्रिज ॲनालिटिका प्रकरणाची सुरुवातही एका निरुपद्रवी वाटणाऱ्या क्विझ ॲपपासूनच झाली होती, आणि फेसबुकच्याच म्हणण्यानुसार ८.७ कोटींपर्यंत लोकांची माहिती त्यात गेली असू शकते. म्हणून अशी क्विझ लॉगिन न करता, खाजगी विंडोमध्ये सोडवा. ईमेल, फोन, पिन कोड देऊ नका.

स्वतःचा तक्ता: अर्ध्या तासाचं काम

या क्विझ टाकाऊ नाहीत. मुद्द्यांची यादी आणि भूमिकांच्या लिंक एका जागी मिळतात, हा मोठा फायदा. फक्त शेवटचा हिशोब स्वतः करा.

१. तुमच्या घरावर खरोखर परिणाम करणारे पाच ते सात मुद्दे आधी कागदावर लिहा. क्विझ नंतर उघडा.

२. प्रत्येक मुद्द्याला १ ते ३ वजन द्या. उमेदवारांकडे बघण्याआधी द्या, नाहीतर आवडत्या उमेदवाराच्या सोयीने वजन बदलतं.

३. प्रत्येक उमेदवाराची भूमिका, तारीख आणि मूळ स्रोत लिहा. भूमिका सापडली नाही तर ‘माहीत नाही’ लिहा, ‘तटस्थ’ नको. या दोन्हींत फरक आहे आणि अनेक फॉर्म्युले तो पुसून टाकतात.

४. एक रकाना अधिकाराचा: अध्यक्ष एकटे करू शकतात, की काँग्रेस लागेल?

५. बेरीज दोन पद्धतींनी करा. दोन्हींत एकच उमेदवार पुढे असेल तर ठीक. निकाल उलटला, तर कुठल्या मुद्द्यामुळे उलटला ते शोधा. तोच तुमचा खरा निर्णायक मुद्दा, वेळ त्यावर घालवा.

मतपत्रिकेवर अध्यक्षांखेरीज अजून कोण कोण आहे, हे बॅलटपीडिया किंवा ‘व्होट ४११’वर पत्ता टाकून बघता येतं. (पत्ता इथे द्यावाच लागतो, कारण मतपत्रिका भागानुसार बदलते.)

भारतात राष्ट्रपती आमदार-खासदार निवडतात, त्यामुळे हा प्रश्न आपल्याला त्या रूपात पडत नाही. आपल्याकडे उमेदवाराचं प्रतिज्ञापत्र मिळतं. त्यात संपत्ती, शिक्षण आणि गुन्हे दिसतात, पण पाण्यावर, शाळांवर, पीकविम्यावर त्याचं म्हणणं काय ते नसतं. तो तक्ता आपला आपणच बनवायचा. वरचे पाच टप्पे विधानसभेलाही चालतील आणि नगरपालिकेलाही. चौथ्या रकान्यात फक्त ‘काँग्रेस’च्या जागी कुणाची परवानगी लागते ते लिहा.