बोल गं किटी

माझं लग्न होऊन मी टिटवाळ्याला आले ते साल १९८५. चाळीत सहा बिऱ्हाडं आणि टीव्ही एकाच घरी. तोही ब्लॅक अँड व्हाइट. वारा सुटला की कुणीतरी पत्र्यावर चढून अँटेना फिरवायचं आणि खाली दहा तोंडं एकदम ओरडायची, "आलं, आलं! गेलं!" त्याच वर्षी दूरदर्शनवर 'करमचंद' सुरू झालं. काळा गॉगल लावून गाजर कुरतडणारा तो गुप्तहेर आठवतोय ना? पंकज कपूर. चाळीतल्या पोरांनी त्याचं बघून गाजरं खायला सुरुवात केली, त्यामुळे आया खूश होत्या. आमच्या वाट्याला मात्र दुसरंच काही आलं.

करमचंदची सेक्रेटरी किटी. सुश्मिता मुखर्जी ते काम करायची. ती भोळेपणानं काहीतरी विचारायची, नाहीतर त्याचं कौतुक करायची, आणि तो म्हणायचा, "शट अप, किटी!"

महिन्याभरात हे वाक्य चाळीतल्या सगळ्या पुरुषांच्या तोंडी बसलं. "अहो, पगारातले पन्नास रुपये कुठे खर्च झाले?" "शट अप, किटी!" "अहो, तुमच्या मित्राला उसने दिलेले परत कधी मिळणार?" "शट अप, किटी!" सगळे हसायचे, मीही हसायचे. हसताना काही वाटायचं नाही. नंतर, रात्री भांडी घासताना लागायचं.

पोथीच्या कपाटातला झुंजार

आमच्या घरात एक बाई मात्र या वाक्याला हसायच्या नाहीत. माझ्या सासूबाई. शिक्षण मराठी चौथीपर्यंत, पण वाचनाचं भारी वेड. सासरे कामावरून येताना कल्याणला उतरून पुस्तक बदलून आणायचे. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचं, म्हणजे आपल्याकडे रेल्वे आली त्यानंतर दहा-अकरा वर्षांतच निघालेलं. तिथून शहाड, आंबिवली करत ते पुस्तक टिटवाळ्याला यायचं आणि पोथीच्या कपाटात जाऊन बसायचं. वर वर्तमानपत्राचं कव्हर. नवीन नवीन मला वाटायचं, सासूबाई दुपारी 'गुरुचरित्र' वाचतात. एक दिवस पुसताना कपाट उघडलं, तर आत बाबुराव अर्नाळकर!

आजच्या मुलींना हे नाव कदाचित ठाऊक नसेल. बाबुरावांचं खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. आयुष्यभरात हजाराहून जास्त रहस्यकथा त्यांनी लिहिल्या, त्यासाठी गिनीज बुकात नोंद झाली. त्यांचे धनंजय आणि छोटू, त्यांचा झुंजार, काळापहाड ही मंडळी एके काळी घराघरात होती. लपूनछपून होती, पण होती. बायकांनी असलं वाचू नये असं मानलं जायचं, म्हणून तर पोथीचं कपाट.

सासूबाई तांदूळ निवडता निवडता वाचायच्या. सवय अशी झालेली की 'करमचंद' अर्धं झालं की त्या हळूच माझ्या कानात सांगायच्या, "तो मेहुणा बघ. तोच आहे." पुढे बसलेला कुणीतरी मागे वळून म्हणायचा, "मावशी, गप्प बसा जरा." शेवटी बहुतेक वेळा मेहुणाच निघायचा.

मी एकदा विचारलं, "आई, तुम्हाला कसं कळतं?"

त्या म्हणाल्या, "कोण काय बोलतो ते बघू नये. कोण दुसऱ्याला बोलू देत नाही, ते बघावं."

तेव्हा मी ते हसण्यावारी नेलं.

करमचंद परतला, किटी नाही

वर्षं गेली. चाळ पडून तिथे इमारत उभी राहिली, घरोघरी रंगीत टीव्ही आले. २००७ साली सोनी वाहिनीवर 'करमचंद' पुन्हा आला. केवढा आनंद झाला सांगू! माझी लेक तेव्हा कॉलेजात होती. तिला आग्रहानं बसवलं, म्हटलं बघ, आमच्या वेळचा गुप्तहेर. करमचंदचं काम पुन्हा पंकज कपूरच करत होते. वय झालेलं दिसत होतं, पण छान वाटलं. आपल्याबरोबर तोही म्हातारा होतोय याचं बरंच वाटलं.

लेकीनं मध्येच विचारलं, "आई, किटी पण तीच का गं?"

किटी ती नव्हती. आता सुचेता खन्ना नावाची नवी, तरुण मुलगी होती. तिनं काम चांगलं केलं, तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण लेकीचा प्रश्न डोक्यात राहिला. करमचंदचं वय बावीस वर्षांनी वाढलं तरी चाललं, किटीचं वाढलेलं चालत नव्हतं. बावीस वर्षं गुन्हेगारांच्या मागे धावलेली किटी आज केवढी तयार झाली असती! तिनं पहिल्याच भागात विचारलं असतं, "सर, एवढ्या वर्षांत मी किती वेळा बरोबर होते, मोजलंय का?"

ती नवी मालिका फार दिवस टिकली नाही. जुन्या नायकाला परत आणताना त्याचा गॉगल आणतात, त्याचं गाजर आणतात. त्याच्या बाजूला उभ्या असलेल्या बाईचं या काळात काय झालं, हे कुणी विचारत नाही. मला वाटतं, तिथेच गडबड होते.

सत्यवती मात्र मोठी झाली

याच्या उलटंही होऊ शकतं, हे मला २०२०च्या लॉकडाऊनमध्ये कळलं. लोकल बंद, मंदिर बंद. अंगारकीला जिथे पाय ठेवायला जागा नसते, तो महागणपतीचा रस्ता सुनसान. तेव्हा दूरदर्शननं जुन्या मालिका काढल्या आणि त्यात 'ब्योमकेश बक्षी' पुन्हा लागली. बासू चटर्जींनी १९९३ साली केलेली. रजित कपूर ब्योमकेश, के. के. रैना त्याचा मित्र अजित, आणि सत्यवती कोण? तर आपली सुकन्या कुलकर्णी! सासूबाईंनी आणि मी सकाळची कामं लवकर उरकून एकही भाग सोडला नाही.

सत्यवती गोष्टीत येते तीच एका खुनाच्या प्रकरणात. भावावर आळ आलेला असतो आणि ती ब्योमकेशकडे मदत मागायला येते. पुढे त्याची बायको होते. पण लग्न झालं म्हणून ती स्वयंपाकघरात गडप होत नाही.

यातली एक गंमत आपल्या महाराष्ट्राशी जोडलेली आहे. ब्योमकेशचे लेखक शरदिंदु बंद्योपाध्याय १९३८ साली सिनेमाच्या कथा लिहायला मुंबईला आले. त्याआधी त्यांनी ब्योमकेशच्या काही गोष्टी लिहिल्या होत्या, नंतर जवळजवळ पंधरा वर्षं त्याला बाजूला ठेवलं. १९५०च्या सुमाराला पुन्हा हातात घेतला, आणि १९५२ पासून ते पुण्यातच राहिले. म्हणजे बंगाली लोकांचा हा लाडका गुप्तहेर दुसऱ्यांदा जन्मला आणि पुढे वाढला तो आपल्या महाराष्ट्रात!

परत आला तेव्हा तो कसा होता? 'चित्रचोर' या गोष्टीत ब्योमकेश नुकताच मोठ्या आजारातून उठलाय, आणि सत्यवती त्याला हवापालटासाठी परगावी घेऊन गेलीय. काय खायचं, किती फिरायचं, सगळ्यावर तिची करडी नजर. कुरबुर करतो, पण ऐकतो. लेखकानं नायकाला परत आणताना घरातल्या बाईला विसरलं नाही. म्हणून ब्योमकेश आजही नव्यानं येतो. २०१५ साली सिनेमा आला, नंतर बंगालीत वेबमालिका आली. जिवंत माणूस वाटतो तो, नुसता पुतळा नाही.

अमेरिकेतही अशीच गोष्ट नुकतीच घडली. लेक दिवाळीत आली होती तेव्हा तिनं लॅपटॉपवर एक मालिका लावून दिली, 'मॉन्सियर स्पेड'. २०२४ सालची, फक्त सहा भागांची. सॅम स्पेड हा त्यांच्याकडचा जुना, कडक गुप्तहेर. डॅशिएल हॅमेट या लेखकाची १९३० सालची कादंबरी, पुढे १९४१ सालचा हम्फ्रे बोगार्टचा सिनेमा. बोलायचं कमी, सिगारेट सतत पेटलेली, कुणावर विश्वास नाही, आणि जिच्यावर जीव जडला तिलाही शेवटी पोलिसांच्या हवाली करणारा. त्याच्या ऑफिसातही एक किटी होती, एफी नावाची सेक्रेटरी. त्याचं सगळं बघायची, अगदी सिगारेटही वळून द्यायची. पण कादंबरीच्या शेवटी तीच त्याच्यापासून दूर सरकते.

नव्या मालिकेत हा स्पेड निवृत्त होऊन फ्रान्समधल्या एका लहानशा गावात राहतोय. बायको वारलेली. फुप्फुसं खराब झाल्यामुळे डॉक्टरांनी सिगारेट बंद करायला सांगितलेली. आणि अंगावर जबाबदारी कुणाची? ज्या बाईला त्यानं पकडून दिलं होतं, तिच्याच वयात आलेल्या मुलीची! लेक म्हणाली, "बघ आई, आता म्हण म्हणावं शट अप!" आम्ही दोघी खूप हसलो.

घरातली किटी

हे सगळं आज लिहायला बसले, त्याला कारण आहे गेल्या वर्षीचा एक फोन.

सकाळचे अकरा वाजले होते. आमच्या ह्यांना व्हिडिओ कॉल आला. समोर खाकी कपड्यातला माणूस, मागे भिंतीवर बोधचिन्ह, टेबलावर फायली. अगदी मालिकेतल्यासारखं. तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये नशेच्या गोळ्या सापडल्यात, तुम्हाला 'डिजिटल अटक' झाली आहे, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही. ह्यांचा चेहरा पांढरा पडला. मी दारातून विचारलं, "अहो, कोण आहे?" ह्यांनी न वळताच हात केला आणि म्हणाले, "तू गप्प बस!"

चाळीस वर्षांपूर्वीचं वाक्य, फक्त मराठीत.

आणि खरं सांगते, मी गप्प बसले. सवयच ती. आत जाऊन गॅस बारीक केला. तासाभरानं हे पाण्याला उठले तेव्हा कपाटातून मुदत ठेवीची पावती काढताना दिसले. सहा लाख. निवृत्तीनंतरची सगळी पुंजी. "चौकशीपुरते त्यांच्या खात्यात ठेवायचे आहेत, परत मिळणार आहेत," असं पुटपुटत होते.

सासूबाई पलंगावर पडून होत्या. वय शहाऐंशी, ऐकायला कमी येतं. त्यांनी मला विचारलं, "काय म्हणतोय तो?"

मी म्हटलं, "कुणाला सांगायचं नाही म्हणतोय. खोलीचं दार लावा म्हणतोय, बायकोला आत येऊ देऊ नका म्हणतोय."

त्या उठून बसल्या. "मग तो पोलीस नव्हेच," म्हणाल्या. "बायकोला दाराबाहेर घालवायला सांगतो, त्याला बायकोचीच भीती आहे. जा, बोल तू."

मी गेले. ह्यांच्या हातातून मोबाइल घेतला आणि त्या खाकी माणसाला विचारलं, "साहेब, तुमचं पोलीस ठाणं कुठलं? आम्ही दोघं तिथे येऊन भेटतो." तो आधी ओरडला, मग मलाही अटकेची धमकी दिली. मी पुन्हा तेच विचारलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर फोन बंद झाला.

मैत्रिणींनो, 'डिजिटल अटक' नावाचं काहीही आपल्या कायद्यात नाही. पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाहीत आणि पैसे मागत नाहीत. असा फोन आला तर बंद करा. पैसे गेलेच असतील तर क्षणही न घालवता १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवा. जितकी लवकर कराल तितकी पैसे अडवून धरण्याची शक्यता जास्त. हे लिहून फ्रिजवर चिकटवा. पण त्याहून मोठी गोष्ट चिकटवता येत नाही. घरात ज्याला सगळे गप्प बसवतात, त्याला विचारायची सवय लावावी लागते.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत हे काही बोलले नाहीत. रात्री जेवताना एवढंच म्हणाले, "मी तुला गप्प बस म्हणालो." मी म्हटलं, "हो." बस, तेवढंच. पण दोघांनाही पुरलं.

आता टीव्हीवाल्यांना माझं एक सांगणं आहे. करमचंदला पुन्हा आणायचं असेल तर जरूर आणा. अर्नाळकरांच्या झुंजारला आणा, त्याची बायको विजया हिलाही आणा. पण किटी आणाल ती साठीची आणा. पिकलेले केस, गुडघे दुखणारे, नजर मात्र पक्की. आम्ही टिटवाळ्याच्या बायका सगळी कामं टाकून बघू.

परवा ह्यांच्या मोबाइलवर अनोळखी नंबर वाजला. ह्यांनी उचलला नाही. मोबाइल घेऊन आधी माझ्याकडे आले, मग माझ्या डोक्यावरून आत बघत ओरडले, "आई, जरा इकडे या हो."

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. चष्मा पुसत म्हणाल्या, "स्पीकरवर लाव. आणि तुम्ही दोघं बोलू नका, मला ऐकू दे."