लेखांक ६ : एकशे आठ जणांचा पत्ता

मागच्या आठवड्यात दक्षिण आफ्रिकेच्या सत्य आणि सलोखा आयोगावर लिहिलं. नाशिक रोडला मुक्तिधामाजवळ एक वाचक भेटले, म्हणाले, "ते तिकडचं झालं. आपल्याकडे असं कधी काही झालंच नाही का?"

झालं. नाव चौकशी आयोगाचं होतं, एवढाच फरक.

१९९२च्या डिसेंबरात आणि १९९३च्या जानेवारीत मुंबई पेटली. जीव वाचवून उत्तर प्रदेश-बिहारकडे निघालेल्या माणसांच्या गच्च गाड्या आपल्याच स्टेशनातून पुढे गेल्या. २५ जानेवारी १९९३ रोजी न्या. बी. एन. श्रीकृष्ण यांचा आयोग नेमला गेला. त्यांनी पाचशेवर साक्षी नोंदवल्या, एकेका पोलीस ठाण्याची हकिगत वेगळी लिहिली. जानेवारी १९९६मध्ये युती सरकारने आयोग गुंडाळला. मे महिन्यात तो पुन्हा उभा राहिला, पण मार्च १९९३च्या बॉम्बस्फोटांचा विषयही त्याच्या गळ्यात घालून.

अहवालातला मृतांचा तक्ता सावकाश वाचावा. एकूण ९००. त्यांत ५७५ मुस्लिम, २७५ हिंदू, ४५ ओळख न पटलेले, ५ इतर. पोलिसांच्या गोळीबारात ३५६ गेले, भोसकून ३४७, जाळपोळीत ९१. पोलिसांच्या गोळीचा आकडा सगळ्यांत मोठा आहे, हे न्यायमूर्तींनी कागदावर आणलं. अफवांवर चाललेल्या शहरात हे काम फार मोलाचं होतं. त्याला कमी लेखणाऱ्यांशी माझं पटत नाही.

पण आयोगाचे हात १९५२च्या चौकशी आयोग कायद्यानेच बांधलेले आहेत. समजा, एखाद्याने आयोगापुढे सांगितलं की गोळी मी झाडली. कलम ६ प्रमाणे ते विधान पुढे खटल्यात त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही. खोटी साक्ष दिल्याचा खटला तेवढा अपवाद. माणसाने मोकळेपणी बोलावं म्हणून ही सोय. म्हणजे पोलिसांनी तपास पहिल्यापासून करायचा, आणि इथे ठपका खुद्द पोलिसांवरही होता. शिवाय अहवाल सरकारवर बंधनकारक नाही. तो सभागृहापुढे ठेवायचा, सोबत काय कार्यवाही केली त्याचं टिपण द्यायचं, एवढंच. फेब्रुवारी १९९८मध्ये दिलेला अहवाल ऑगस्टमध्ये मांडला गेला. त्यात शिवसेनेवर ठपका होता आणि मुख्यमंत्री शिवसेनेचे होते. सरकारने निष्कर्ष फेटाळले.

मुंबईतल्या सुलेमान बेकरीत पोलिसांनी केलेल्या गोळीबाराचं प्रकरण पाहा. घटना ९ जानेवारी १९९३ची, पोलिसांवर गुन्हा दाखल झाला २००१मध्ये. २००३मध्ये बड्या अधिकाऱ्यासह नऊ जण खटला उभा राहण्याआधीच आरोपमुक्त झाले.

दक्षिण आफ्रिकेचंही फार वेगळं नाही. तिथल्या आयोगाकडून माफी न मिळालेल्यांवर खटले चालायचे होते. ते कुणी अडवले हे शोधायला २०२५मध्ये आणखी एक आयोग नेमावा लागला.

मला मात्र त्या तक्त्यात नसलेली माणसं जास्त छळतात. ९०० मृतांखेरीज १६८ जण बेपत्ता होते. मेलेल्याचं निदान प्रेत असतं, पंचनामा असतो. बेपत्ता माणसाच्या घरच्यांना वाटत राहतं, गाडीत बसला असेल, गावी पोहोचला असेल. ४ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, तेव्हा या १६८पैकी ६० जणांच्याच वारसांना दोन लाखांची भरपाई मिळालेली होती. उरलेल्या १०८ जणांचे वारस सरकारला सापडले नव्हते. त्यांना शोधा आणि जानेवारी १९९९पासून ९ टक्के व्याजासह रक्कम द्या, असा आदेश झाला. देखरेखीला समितीही नेमली.

पण शोधायचं कुठे? खोलीच जळाली तर पत्ता जळाला, रेशनकार्डही जळालं. तीस वर्षांनी शिपाई यादी घेऊन त्या गल्लीत गेला, तर त्या नावाचं दार दाखवणारा शेजारी तरी तिथे राहिला आहे का?