आरओ प्लांट टाकताय? आधी पाणी तपासा, मग मशीन बघा

जारच्या पाण्याचा धंदा करायचा म्हटलं की बरेच जण थेट मशीनचं कोटेशन मागवतात. जरा थांबा. आधी आपलं पाणी लॅबमध्ये तपासून घ्या.

पिण्याच्या पाण्याच्या आयएस 10500 मानकात टीडीएसची मर्यादा लिटरला 500 मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोतच नसेल तर 2000. नदीच्या पाण्यात क्षार सहसा कमी असतात. तिथं खरा प्रश्न गढूळपणाचा आणि जंतूंचा. त्याला वाळूचा फिल्टर, कार्बन फिल्टर आणि यूव्ही लागतो. आरओचं खरं काम क्षार काढण्याचं, म्हणजे खाऱ्या बोअरसाठी.

आता हिशोब बघू. 20 लिटरचे 100 जार म्हणजे 2000 लिटर. रिकव्हरी 50 टक्के धरली, तर रोज 4000 लिटर पाणी उपसावं लागतं. उरलेलं 2000 लिटर गटारात का सोडायचं? वेगळ्या टाकीत साठवा. फरशी, संडास, गाडी धुवायला चालतं. जार धुवायला मात्र नाही.

आणि कोल्हापूरकरांनो, महापूर विसरू नका. ऑगस्ट 2019 मध्ये उपसा केंद्रं पाण्याखाली गेली आणि शहराला टँकरची वाट बघावी लागली. अशा वेळी जारला मागणी वाढते. पण बुडालेल्या बोअरचं पाणी क्लोरिन टाकून, जंतूंची तपासणी पास झाल्याशिवाय एकही जार भरू नका. एक गिऱ्हाईक आजारी पडलं, की गल्लीभर बोभाटा होतो. मशीन पुन्हा घेता येतं, विश्वास नाही.