बीड ते बेंटोटा, व्हाया कागदपत्रं

बीड जिल्ह्यातून परदेशी जाणाऱ्यांचे तीन गट ठरलेले आहेत. पहिला आणि सगळ्यात जुना, हज-उमऱ्याला जाणाऱ्यांचा. दुसरा कृषी सेवा केंद्रवाल्यांचा. बियाण्याच्या किंवा खताच्या कंपनीचं टार्गेट पूर्ण केलं की स्कीममध्ये थायलंड लागतं. गेवराई-माजलगावकडे असेही दुकानदार भेटतात, ज्यांनी गोव्याच्या आधी पटाया बघितलं. तिसरा गट आई-वडिलांचा. पुण्यात शिकून पुढे दुबईला नाहीतर अमेरिकेला गेलेली मुलं तिकीट पाठवतात आणि अंबाजोगाईची आजी नातवंडं सांभाळायला विमानात बसते. पण स्वतःच्या पैशानं, स्वतः ठरवून, पाच-सहा दिवसांत एक शहर आणि एक किनारा बघून यावं, असं म्हणणारा चौथा गट आता कुठे तयार होतोय. तालुक्याच्या गावातले शिक्षक, डॉक्टर, मेडिकलवाले, सराफ. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

ज्या जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे लाखो माणसं कोयता घेऊन ऊसतोडीला घराबाहेर पडतात, तिथे ‘स्वस्त परदेश सहल’ हे शब्द जपूनच वापरावे लागतात. इथे स्वस्त म्हणजे एवढंच, की नवरा-बायकोचा सगळा खर्च लाखाच्या आत बसावा आणि त्यासाठी सोनं मोडावं लागू नये. ते जमतं. मात्र हिशेब करायला बसलं की एक गोष्ट लक्षात येते. परदेश फारसा महाग नाही, बीडमधून बाहेर पडणं महाग आहे.

आधी ते बाहेर पडणंच बघू. जिल्ह्यात विमानतळ नाही. सर्वात जवळचा चिकलठाण्याचा, बीडपासून सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर. पण तिथून पर्यटकाच्या कामाचं परदेशी विमान मिळत नाही, मुंबई-दिल्लीसारख्या मोठ्या विमानतळावर जाऊनच पुढची वाट धरावी लागते. रात्रीची ट्रॅव्हल्स पकडून मुंबई गाठायची, ही आपली जुनी सवय. 17 सप्टेंबर 2025 रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीड-अहिल्यानगर रेल्वे एकदाची धावली. तिचं कौतुक करावं तेवढं थोडं, पण विमान गाठण्यासाठी अजून तरी बसच भरवशाची. पुण्याहून बँकॉकला थेट विमान 2024 च्या नोव्हेंबरात सुरू झालं. तुम्ही निघाल त्या वेळी ते चालू असेल तर बीड, आष्टी, पाटोदाकरांचा निम्मा त्रास वाचतो.

परळी-अंबाजोगाईकडच्या मंडळींनी तर मुंबईचा हट्ट सोडून द्यावा. परळी, उदगीर, बीदर, विकाराबाद हा लोहमार्ग निजामाच्या काळातला. आपल्या आजोबांचं कोर्टकचेरीचं गाव हैदराबादच होतं, आणि तिथल्या शमशाबाद विमानतळावरून कोलंबो, बँकॉक, क्वालालंपूर या तिन्ही ठिकाणची विमानं मिळतात. रात्री परळीला गाडीत बसायचं आणि सकाळी हैदराबाद. मुंबईच्या तिकिटाशी एकदा तुलना करून बघावी.

आता जायचं कुठे? थायलंडनं 2023 च्या नोव्हेंबरात भारतीयांना व्हिसा माफ केला, मलेशियानं त्याच वर्षीच्या डिसेंबरात. दोन्ही देशांत पोहोचण्याआधी ऑनलाइन आगमन-अर्ज भरावा लागतो. तो फुकट असतो, त्याचे पैसे मागणारी साइट बनावट समजावी. व्हिएतनामचा ई-व्हिसा 25 डॉलरचा. मालदीवला व्हिसा तिथे उतरल्यावर फुकट मिळतो, पण तिथे शहर म्हणावं असं माले तेवढं, आणि खर्चही हाताबाहेर जातो. दुबईला व्हिसाचे पैसे आहेत आणि समुद्र बघायला दुबईला कशाला जायचं, हा माझा पूर्वग्रह आहे. हे सगळे नियम सरकारं अधूनमधून बदलत असतात, म्हणून तिकीट काढण्याच्या आदल्या दिवशी त्या त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर नजर टाकायलाच हवी.

माझं मत श्रीलंकेला. मुंबईहून कोलंबो सुमारे अडीच तासांवर. ईटीए नावाची ऑनलाइन परवानगी लागते; तिची फी कधी माफ असते, कधी नसते. आणि परळीकरांचा तर लंकेशी जुना संबंध आहे. वैद्यनाथाच्या एका कथेत रावण शिवलिंग घेऊन लंकेकडे निघालेला असतो आणि ते वाटेतच राहतं. आपल्याला तेवढं ओझं न्यायचं नाही, सात किलोची हँडबॅग पुरते.

लंकेचं सोयीचं गणित असं, की शहर आणि किनारा एकाच रेल्वेमार्गावर आहेत. कोलंबोचा विमानतळ शहरात नाही, तीसेक किलोमीटर उत्तरेला कटुनायके इथे आहे. त्याला लागूनच नेगोंबो हे मच्छीमारांचं गाव. विमान मध्यरात्री उतरत असेल तर कोलंबोच्या टॅक्सीत पैसे घालवू नका. पहिला मुक्काम नेगोंबोत करा. सकाळी बसनं कोलंबो. दोन दिवस शहराला पुरेत. पेट्टाचा बाजार, तिथली लाल-पांढऱ्या पट्ट्यांची 1909 ची जामी उल-अल्फर मशीद, बेइरा तलावातलं सीमा मालक हे वास्तुकार जेफ्री बावा यांनी घडवलेलं बौद्ध ध्यानमंदिर, आणि संध्याकाळी गॉल फेस. समुद्रालगतचं हे मोकळं मैदान 1859 मध्ये इंग्रज गव्हर्नरानं आखलं. तिथे पतंग उडत असतात आणि वडे तळले जात असतात. वड्यावर कोळंबी चिकटवलेली असते, हे माळकऱ्यांनी आधीच बघून घ्यावं.

तिसऱ्या दिवशी कोलंबो फोर्ट स्टेशनवरून दक्षिणेकडची गाडी. हा प्रवास म्हणजे या सहलीतलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोठं सुख. गाडी वेल्लवट्टे, माउंट लव्हिनिया करत अक्षरशः लाटांच्या कडेनं धावते. गॉलकडे जाताना उजव्या हाताची खिडकी धरायची, समुद्र त्या बाजूला. साध्या दुसऱ्या वर्गाचं तिकीट माणशी शे-दोनशे भारतीय रुपयांच्या घरात पडतं. बेंटोट्यासाठी अलुथगमा स्टेशनवर उतरायचं. शांत, रुंद किनारा हवा असेल तर हाच. तरुण जोडप्यांनी हिक्कडुवा किंवा गॉलच्या पलीकडचं उनावटुना बघावं. गॉलचा किल्ला मात्र कुणीच चुकवू नये. पोर्तुगीजांनी सुरू केला, डचांनी सतराव्या शतकात भक्कम केला, 1988 पासून जागतिक वारशात आहे. धारूरचा नाहीतर नळदुर्गचा किल्ला बघितलेल्या माणसाला इथे वेगळंच वाटेल, कारण हा किल्ला नांदता आहे. आत शाळा, मशीद, चर्च, न्यायालय, वाळत घातलेले कपडे.

याच मार्गावर हिक्कडुव्याजवळच्या पेरलिया इथे 26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीनं आख्खी प्रवासी गाडी उचलून फेकली. हजाराहून अधिक माणसं गेली. तिथे स्मारक आहे.

कँडी, नुवारा एलिया, सीता मंदिर यातलं काहीही या पाच दिवसांत कोंबू नये. पॅकेजवाले कोंबतात. त्यांच्या सहलीत रोज सकाळी साडेसहाला बॅगा लॉबीत आणून ठेवायच्या असतात आणि माणूस परत येतो तो बसचा पडदा बघून. त्यात 2025 च्या नोव्हेंबरअखेर दित्वा चक्रीवादळानं लंकेच्या डोंगराळ भागाची फार नासधूस केली. तिकडचे रस्ते आणि रेल्वे कसे आहेत हे विचारल्याशिवाय तो बेत आखूच नये.

ऋतू मात्र नीट पाहावा लागतो आणि इथेच शिक्षकांची पंचाईत होते. बेंटोटा-गॉलचा किनारा डिसेंबर ते मार्च उत्तम. दिवाळीच्या सुट्टीत तिथे पाऊस असतो आणि मे सरता सरता नैऋत्य मोसमी वारे येऊन समुद्र खवळतो. दुकानदार, डॉक्टर जानेवारी-फेब्रुवारीत निघू शकतात, गुरुजींना सुट्टी नसते. त्यांनी दिवाळीत बँकॉक आणि जोडीला पटाया किंवा रेल्वेनं हुआ हिन करावं. नोव्हेंबरात तिथला पाऊस ओसरत आलेला असतो. उन्हाळ्यातच जायचं असेल तर लंकेचा पूर्व किनारा, त्रिंकोमाली. मे ते सप्टेंबर तिकडे आकाश मोकळं असतं, कोणेश्वराचं मंदिर कड्यावर आहे, फक्त कोलंबोहून सहा-सात तासांचा प्रवास धरावा लागतो.

पोहण्याबद्दल स्पष्ट सांगतो. आपण विहिरीत सूर मारायला शिकलेली माणसं. समुद्राची आत ओढणारी धार विहिरीत नसते. लाल बावटा असेल तर पायसुद्धा ओले करू नका, नसेल तरी गुडघ्याच्या पुढे जाऊ नका.

जेवणाची चिंता बीडकर फार करतो. लंकेत भात, डाळ, फणसाची भाजी, इडिअप्पम भरपूर मिळतं. अडचण एकच: ओल्या खोबऱ्याच्या संबोलात आणि पुष्कळ भाज्यांत सुक्या माशाचा चुरा असतो आणि वाढणाऱ्याच्या लेखी तो मसाला असतो. म्हणून ‘व्हेज’ म्हणण्याऐवजी ‘नो फिश’ म्हणावं, किंवा वेल्लवट्ट्याच्या तमिळ शाकाहारी खानावळी गाठाव्यात. थायलंडमध्ये हीच कथा फिश सॉसची. धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी न्यायला हरकत नाही. पॉवर बँक हँडबॅगेतच हवी. आणि कुणी ओटीतलं सुकं खोबरं मोठ्या बॅगेत ठेवलं असेल तर ते विमानतळावर काढायला लावतात.

खर्चाचा अंदाज: दोन-अडीच महिने आधी काढलं तर मुंबई-कोलंबो जाण्यायेण्याचं तिकीट माणशी वीस-पंचवीस हजारांच्या आसपास धरा. गेस्ट हाउसची खोली दोन ते चार हजार. जेवण, रेल्वे, रिक्षा, विमा, सिम आणि बीड-मुंबई बस मिळून आणखी वीस-पंचवीस हजार. दोघांचं, पाच रात्रींचं, सत्तर ते पंचाण्णव हजारांत बसतं. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यातल्या गोव्याशी ताडून बघा. पैसे नेताना फॉरेक्स कार्ड घ्यावं आणि थोडे डॉलर. आपल्या बँकेच्या कार्डावर परदेशी व्यवहार बहुधा बंद ठेवलेले असतात, ते ॲपमधून चालू करावे लागतात. लंकेत यूपीआय 12 फेब्रुवारी 2024 पासून सुरू आहे, पण प्रत्येक टपरीवर नाही. आणि कार्ड घासताना मशीननं ‘भारतीय रुपयांत की स्थानिक चलनात’ विचारलं तर नेहमी स्थानिक चलन निवडा. रुपया निवडला की वाईट दर लागतो.

पॅकेज घेतलंच तर टीसीएस हा आगाऊ कर कापला जातो. तो बुडीत खर्च नव्हे, रिटर्न भरून परत मिळतो किंवा करातून वळता होतो. पावती पॅनसह मागा. पतसंस्थांनी पोळलेल्या जिल्ह्याला वेगळं सांगायला नको, पण सगळी रक्कम आधी रोख मागणाऱ्या ओळखीच्या एजंटापेक्षा स्वतः कार्डानं काढलेलं तिकीट बरं. आणखी एक इशारा तरुणांसाठी. ‘टूरिस्ट म्हणून थायलंडला चल, पुढे डेटा एन्ट्रीची नोकरी लावतो’ असं म्हणणाऱ्याच्या वाऱ्याला उभं राहू नका. त्या वाटेनं म्यानमारच्या सायबर गुन्ह्यांच्या छावण्यांत अडकलेल्या शेकडो भारतीयांना 2025 च्या मार्चमध्ये वायुदलाच्या विमानांनी परत आणावं लागलं.

उरला पासपोर्ट. 2017 पासून पोस्टांत सेवा केंद्रं निघू लागल्यावर पुण्या-मुंबईचे हेलपाटे बरेच कमी झाले. मोठ्यांच्या 36 पानी, दहा वर्षांच्या पासपोर्टची फी 1,500 रुपये, तत्काळचे 2,000 वेगळे. फी कुणाला नडत नाही, नडतात कागद. आधारवर ‘पोपटराव’, टीसीवर ‘पोपट’. बायकोचं माहेरचं नाव एका कागदावर, सासरचं दुसऱ्या. गुरुजींनी सरसकट टाकलेली 1 जून ही जन्मतारीख चालते, पण ती सगळीकडे 1 जूनच हवी. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ नोंद येते. तिचा अडसर नोकरीसाठी जाणाऱ्याला असतो, परतीचं तिकीट घेऊन फिरायला जाणाऱ्याला नाही, आणि पन्नाशी उलटलेल्यांना किंवा आयकर भरणाऱ्यांना ती टाळता येते. जिल्हा परिषदेच्या गुरुजींना पासपोर्टच्या अर्जाआधी कार्यालयाला कळवावं लागतं, शिवाय परदेशी जाण्याची परवानगी वेगळी घ्यावी लागते. आणि बांधाच्या भांडणातून भावकीनं केलेली फौजदारी केस कोर्टात चालू असेल, तर कोर्टाची परवानगी आणल्याशिवाय पुढे सरकता येत नाही. ती केस लपवण्याचा सल्ला देणारा माणूस प्रत्येक झेरॉक्सच्या दुकानात असतो; त्याचं ऐकू नका, पोलीस पडताळणीत ती निघतेच.

ज्यांच्याकडे जुना पासपोर्ट आहे त्यांनी तो आज कपाटातून काढून मुदत बघावी. प्रवासाच्या दिवशी त्यात किमान सहा महिने शिल्लक लागतात. ज्यांच्याकडे नाहीच, त्यांनी जानेवारीच्या बेंटोट्यासाठी दिवाळीपूर्वी अर्ज टाकावा, आणि पासपोर्ट हातात पडेपर्यंत विमानाचं तिकीट काढू नये.